जांभळीकडचा कोपरा

नमस्कार. या ग्रुपवर मी आजवर फक्त वाचत आले. दुपारच्या चहाबरोबर एकेक अनुभव वाचायचा आणि मनातल्या मनात त्यावर लाल पेनाने रेघा मारायच्या... इथे उजेड कुठून येत होता ते दिलेलं नाही, इथे वाऱ्याची दिशा नाही, इथे माणूस नुकताच झोपेतून उठलेला आहे. सवयच ती. मी अलिबागला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. अशा अतर्क्य गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता आणि, कुणी रागावू नका, आजही आहे असं म्हणवत नाही. तरी लिहितेय. कारण माझ्या अनुभवात उजेड भरपूर होता, वारा जेमतेम होता आणि आम्ही तीन बायका पूर्ण जाग्या होतो.

नावं बदलली आहेत. गावाचं नाव देत नाही, पण जागा नीट सांगते.

रेवदंड्याची खाडी ओलांडून साळाववरून मुरूडच्या रस्त्याला लागलं की कोर्लई, मग बोर्ली. त्याच्या जरा पुढे डावीकडे एक कच्चा रस्ता डोंगराच्या अंगाला जातो. तिथे आमची नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे आणि वाडीच्या वर, चढावर, आमचाच वरकस तुकडा... म्हणजे शेतीच्या उपयोगाची नाही अशी गवताची, रानझाडांची जमीन. वीज नाही, नळ नाही, मोबाइलला रेंज नाही. मधून एक पऱ्या उतरतो. पावसाळ्यात धो धो वाहतो, दिवाळीनंतर त्यात नुसते धोंडे उरतात, काही गुडघ्याएवढे, काही कमरेएवढे. पऱ्याच्या अलीकडे एक जुना आंबा आणि एक ऐन. पलीकडे जांभूळ.

ही तीन झाडं माझ्या मुलाने, समीरने, शोधून काढली होती. त्याला रानात राहायचं वेड. लग्नानंतर त्याने झाडांना टांगायचा एक तंबू घेतला. काहींनी फोटोत पाहिला असेल — तिकोनी कापडी तळ, वर जाळीचं छप्पर आणि तीन कोपऱ्यांना तीन जाड पट्टे. एकेक पट्टा एकेका झाडाला गुंडाळायचा आणि खटक्याने आवळायचा, ट्रकवाले मालावर ताडपत्री आवळतात तसा. मग तळ ढोलकीच्या पानासारखा ताठ होतो आणि माणूस जमिनीला न टेकता अधांतरी झोपतो. समीर आणि केतकी, माझी सून, थंडीत तिथे जाऊन राहायचे. मलाही बोलवायचे. मला माझा पलंग पुरे, असं मी म्हणायची.

समीर अडीच वर्षांपूर्वी गेला. साधा ताप म्हणून सुरू झालं आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही.

केतकी आमच्याकडेच राहिली. तिचे आईवडील पालीला असतात. ते न्यायला आले होते, पण आपली नोकरी अलिबागला आहे असं तिने त्यांना सांगितलं. नोकरी हे नुसतं कारण होतं, हे त्यांनाही कळलं आणि आम्हालाही. दिवसा ती अगदी व्यवस्थित असायची. झोप मात्र गेली ती गेलीच. मी पहाटे कधीही उठले तरी ही ओट्याशी उभी, हातात पाण्याचा पेला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डोळ्यांखालची काळी वर्तुळं तिच्या चेहऱ्याचाच भाग होऊन गेली.

गेल्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या निनादने तिला लग्नाचं विचारलं. हे तिनेच मला सांगितलं, मेथी निवडता निवडता. आणि लगेच हेही सांगितलं की मी नाही म्हटलंय, बाबांना आणि तुम्हाला सोडून मला कुठे जायचं नाही. तिला 'जा' म्हणायचं माझ्या मनात होतं, अगदी मनापासून होतं. पण ती गेली की घरात समीरच्या गोष्टी काढायला आम्ही दोघंच उरणार होतो, आणि हे, म्हणजे समीरचे बाबा, तर त्याचं नावही घेत नाहीत. तोंडापर्यंत आलेलं वाक्य परत जायचं. असे काही महिने गेले.

जानेवारीत एका रविवारी तिने माळ्यावरून तंबू खाली काढला. मला एकदा यात झोपायचंय आई, मग कुणाला तरी देऊन टाकू, म्हणाली. एकटी जाणार होती. ह्यांनी तोंडावरचा पेपर खाली घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी जाते हिच्याबरोबर. त्यावर दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी पॅराशूट लावून विमानातून उडी मारते म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी पोचलो. आमची वाडी सुगंधा आणि तिचा नवरा सांभाळतात. सुगंधाने वरपर्यंत पाण्याचा कॅन आणून दिला आणि तंबू कसा बांधतात ते कमरेवर हात ठेवून बघत राहिली. केतकी पट्टे गुंडाळत होती, मी एकेक तपासत होते. प्रयोगशाळेत मुलांनी लावलेली मांडणी तपासते तसंच. आंब्याचा पट्टा, ऐनाचा पट्टा. जांभळीचा पट्टा तर मी स्वतः खटक्यात बसवला आणि लोंबकळून पाहिलं. झाड ठणठणीत, पट्ट्याला कुठे चीर नाही, खटका गंजलेला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पहिली शंका तिथेच येणार.

चढाच्या बाजूला तंबूचं दार माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होतं. पऱ्याच्या बाजूला मात्र जमीन एकदम खाली जात होती, त्यामुळे जांभळीकडचा कोपरा धोंड्यांच्या वर चांगला दीड पुरुष अधांतरी. केतकी त्या कोपऱ्यात झोपणार होती. तिची नेहमीची जागा तीच. मी दाराजवळ. माझा गुडघा आणि माझं वजन घेऊन मी आत कशी चढले हे विचारू नका. दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या सतरंजीसारखी मी अर्धा वेळ अर्धी आत आणि अर्धी बाहेर होते, आणि केतकी मला आत ओढता ओढता हसत होती. तिला तसं हसताना मी खूप दिवसांनी पाहिलं.

संध्याकाळी छोट्या शेगडीवर खिचडी केली. झाडांच्या फटीतून खाली समुद्राची एक पट्टी दिसते, ती आधी केशरी झाली, मग राखाडी. फोन बंदच होते. आज बोलायचं, असं मी घरून ठरवून आले होते. निनादचा विषय काढायचा. तीन-चार वेळा सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी खिचडीत मीठ बरोबर आहे का असलं काहीतरी विचारलं. शेवटी आत जाऊन आडव्या झालो. तळ हलका हलका झुलत होता. इथे मला काय झोप येणार, असं वाटेपर्यंत मी झोपले होते.

जाग आली ती सुगंधाच्या हाकेने. ऊन नुकतंच झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरायला लागलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं. ती पऱ्यातून वर येत होती, हातात चहाची किटली. मला वाटलं, चहा आणला म्हणून हाक मारतेय. मी उठून बसायला गेले तर ती म्हणाली,

"वयनी, हलू नका. दोघीपन हलू नका. जांभळीचा पट्टा सुटलाय."

तिचा आवाज इतका साधा होता की मला आधी भीतीच वाटली नाही. मला वाटलं ती छपराच्या बारीक दोरीबद्दल बोलतेय. मी म्हटलं, अगं, तो पट्टा सुटला असता तर आम्ही धोंड्यांवर असतो.

"तेच तर," सुगंधा म्हणाली. "पट्टा हितं खाली पडलाय. मी बघत्ये ना. आन् कोपरा तसाच वर हाय."

केतकी पडल्या पडल्या मान वळवून जाळीतून बघत होती. तिने माझं मनगट धरलं. मग मीही पाहिलं. कोपऱ्याला जी लोखंडी कडी असते, तिच्यातून पट्टा निघून सरळ झाडाकडे ताणलेला दिसायला हवा. तो कडीतून निघून सरळ खाली लोंबत होता. त्याचं दुसरं टोक पऱ्यातल्या धोंड्यांवर पडलेलं. जांभळीच्या खोडाभोवती काही नाही. आणि तरी कापड त्या बाजूला तसंच ताणलेलं, तळ तसाच सपाट. केतकीने तळहाताने कोपऱ्याजवळ दाबून पाहिलं. ताठ होता. कडीपासून झाडापर्यंतच्या जागेत पलीकडची पानं दिसत होती, उन्हात चमकणारी, आणि बाकी काहीच नव्हतं.

मी आयुष्यभर पोरांना शिकवलंय की तीन दोऱ्यांवर टांगलेल्या वस्तूची एक दोरी कापली तर काय होतं. त्या क्षणी मला त्यातलं काही आठवलं नाही. एवढंच कळलं की केतकीच्या डोक्याखाली दीड पुरुष मोकळी हवा आहे आणि त्याखाली धोंडे.

मी म्हटलं, तू आधी उतर. ती म्हणाली, दार तुमच्याजवळ आहे, तुम्ही मध्ये असताना मी कशी उतरू? बरोबर होतं. सुगंधा किटली ठेवून वळसा घालून वर आली होती. तिने माझे पाय धरले, मी पोटावर सरकत सरकत मागे गेले आणि उतरले. उतरताना तंबूला जबरदस्त हिसका बसला असणार, माझ्या वजनाला इलाज नाही. आंब्याकडचा कोपरा हलला, ऐनाकडचा हलला. जांभळीकडचा जागचा हलला नाही.

आता केतकी यायची. ती आली नाही. ती त्या कोपऱ्याकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली होती, तळहात कापडावर टेकवून. मला ओरडायची हिंमत होईना, जसं काही आवाजानेसुद्धा काही सुटेल. मी हळूच म्हटलं, "केतकी, ये बाळा आता."

ती काहीतरी पुटपुटली. ते मला ऐकू आलं नाही आणि मी तिला कधी विचारलं नाही. मग ती वळली, दाराशी आली, एक पाय खाली टेकवला, दुसरा टेकवला.

आणि मग तो कोपरा खाली गेला.

पडला नाही. मी हे शंभर वेळा आठवून पाहिलंय आणि शब्द बदलावासा वाटलेला नाही. खाली गेला. दोन माणसं खाट उचलून नेत असतात, त्यातला एक जण आपल्या बाजूचं टोक सावकाश जमिनीला टेकवतो, तसा. कापडाला सुरकुत्या पडत गेल्या, आतल्या उशा घरंगळत त्या बाजूला गेल्या आणि कोपरा धोंड्यांवर जाऊन टेकला. आवाजसुद्धा नाही. सुगंधाने हात जोडले. केतकी माझ्या खांद्याला धरून उभी होती.

सवय माणसाला सोडत नाही. थोड्या वेळाने मी पऱ्यात उतरले. पट्टा दवाने भिजून चिंब झाला होता. तो उचलला तर त्याच्याखालची दगडाची पट्टी कोरडी. आजूबाजूचा सगळा धोंडा ओला आणि मध्ये पट्ट्याच्या रुंदीएवढी कोरडी रेघ. म्हणजे दव पडायच्या आधीच तो तिथे येऊन पडला होता... आणि आम्ही दोघी सकाळपर्यंत दोन पट्ट्यांवर झोपलो होतो. खटका उघडा होता. तो आपोआप उघडला असेल; असे खटके क्वचित उघडतात, हे मी मान्य करते. त्यापुढचं मला मान्य करता येत नाही आणि नाकारताही येत नाही.

मग आम्ही एका सपाट धोंड्यावर बसून सुगंधाचा चहा प्यायलो. तोवर थंड झाला होता. केतकी रडेल असं मला वाटत होतं, पण तिचा चेहरा निवांत होता, सुट्टीच्या दिवशी उशिरा उठलेल्या माणसाचा असतो तसा. मी तिच्याकडे बघत होते आणि आदल्या संध्याकाळी जे जमलं नव्हतं ते तोंडातून सहज बाहेर पडलं.

"निनादला एकदा घरी जेवायला बोलव."

ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. मला वाटलं, विषय काढायला ही वेळ नव्हती. मग ती म्हणाली, "तो मासे खात नाही, आई."

मी म्हटलं, मग काय झालं, वालाची उसळ करू. यावर मात्र ती रडली. मीही. सुगंधाला निनाद कोण ते माहीत नव्हतं, तरी तीही पदराने डोळे पुसत होती.

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, कापड कुठल्या तरी फांदीत अडकलं असेल. तिथे फांदी नाही. मी नंतर ह्यांनाच घेऊन गेले आणि दाखवलं. तीच झाडं, त्याच उंचीवर तंबू बांधला, आत आमच्या दोघींच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली आणि जांभळीचा खटका काठीने उघडला. कोपरा असा आदळला की एक पोतं फुटलं. पुन्हा केलं. छपराची दोरी जास्त ताणून केलं, कापड पाण्याने भिजवून केलं, पहाटेच्या थंडीत केलं. दर वेळी तेच. ह्यांनी फुटलेल्या पोत्याकडे बराच वेळ पाहिलं आणि परतताना गाडीत, समीर गेल्यापासून पहिल्यांदा, तो लहानपणी त्या पऱ्यात खेकडे पकडायचा त्याची गोष्ट सांगितली.

सुगंधाचं म्हणणं सोपं आहे. प्रत्येक जागेला राखणारा असतो, तुमच्या जागेलाही हाय, त्याने धरलं. केतकीचं म्हणणं काय असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. ती ते मला पटवायला जात नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे. मला विचाराल तर... तो समीर होता असं मानावं, असं मला इतकं वाटतं, की म्हणूनच मी ते मानायला बिचकते. ज्या उत्तराची आपण वाट बघत असतो ते उत्तर आधी तपासायचं, हे मी मुलांना सांगत आले. हे कसं तपासायचं ते मला कळलेलं नाही.

निनाद जेवायला आला. लाजरा मुलगा आहे, उसळ तीनदा वाढून घेतली. ह्यांना तो आवडला हे मला जेवण अर्धं व्हायच्या आतच कळलं, कारण ह्यांनी त्याला वाडीतल्या नारळांची सगळी माहिती सांगायला घेतली. पावसाळ्यानंतर दोघांनी रजिस्टर लग्न केलं. केतकीच्या बाजूने आम्ही दोघं आणि तिचे आईवडील, चौघंही सह्या करायला पुढे झालो, तेव्हा तिथला क्लार्क गोंधळून गेला की यातले मुलीचे आईबाप कोण.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिच्या साड्या बॅगेत भरत होते, तेव्हा तिने एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी सुगंधाच्या हाकेच्या जरा आधीच ती जागी झाली होती. रात्रभर झोपली होती, एकदाही न उठता, आणि तिला आधी त्याचंच नवल वाटत होतं. "वारा सुटला की तुमची बाजू हलायची, बॅगा ठेवल्या होत्या ती बाजू हलायची," ती म्हणाली. "माझा कोपरा हलत नव्हता, आई. जमिनीवर ठेवल्यासारखा होता. मला वाटलं, आपण इतकं घट्ट कसं काय बांधलं..." एवढं बोलून ती दुसऱ्या साडीची घडी घालायला लागली. त्या दिवसापासून तिची झोप परत आली ती आलीच. गोळ्या केव्हाच बंद झाल्या.

इथले बरेच जाणकार असल्या गोष्टींचा छडा लावतात. तुम्हाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त त्या दवाचा आणि दगडावरच्या कोरड्या रेघेचा हिशोब त्यात लागला पाहिजे. मला तो अजून लावता आलेला नाही.

तंबू आम्ही कुणाला दिला नाही. गेल्या महिन्यात केतकी आणि निनाद तो घेऊन त्याच जागी राहायला गेले. मी नवे पट्टे घेऊन दिले होते, तिन्ही, आणि जायच्या आधी निनादकडून खटका चार वेळा लावून घेतला. रविवारी सकाळी रस्त्यावर येऊन रेंज मिळाल्या मिळाल्या तिचा फोन आला. मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

"काही झालं नाही, आई. या वेळी तिन्ही कोपरे हलत होते."

मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, ते मी तिला सांगितलं नाही... पण फोनवर ती जी क्षणभर गप्प राहिली, त्यावरून तिलाही तसंच वाटत असावं. मग मागून निनादने विचारलं की आई नाश्त्याला काय करतायत, आम्ही सरळ तिकडेच येतोय. मी म्हटलं, या. पोहे भिजवते.